पायरी मिटली, तरी भोंगा का वाजतो?

एस.टी.च्या गाडीत चढताना पहिल्या पायरीशी आजीची कशी तारांबळ उडते, हे तुम्ही पाहिले असेल. एका हाताने दांडा धरायचा, दुसऱ्या हाताने लुगडे सावरायचे, मागून कोणीतरी आधार द्यायचा, तेव्हा कुठे स्वारी आत पोहोचते. मग ही पायरी आणखी खाली का आणत नाहीत? कारण उघड आहे. खाली आणलेली पायरी खडबडीत रस्त्यावर घासेल, गतिरोधकावर आपटेल. चढणाऱ्याला पायरी खाली हवी आणि धावणाऱ्या गाडीला ती वर हवी. या भांडणावर एक तोड आहे. गाडी उभी असताना पायरी बाहेर यावी आणि गाडी निघण्यापूर्वी ती आपोआप गाडीच्या पोटाखाली मिटून जावी.

युरोप-अमेरिकेतल्या मोटरहोम गाड्यांना अशी पायरी असते. मोटरहोम म्हणजे चाकांवरचे घरच. त्यात झोपायला बिछाने, स्वयंपाकाची शेगडी, लहानसे न्हाणीघर, सारे काही असते. (आपल्याकडेही महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये अशा गाड्यांतून पर्यटन करण्याचे धोरण जाहीर केले आहे, तेव्हा त्या तुम्हाला रस्त्यावर दिसल्या तर नवल वाटू देऊ नका.) घराच्या जमिनीखाली सांगाडा, पाण्याच्या टाक्या आणि नळ बसवावे लागतात, म्हणून दार बरेच उंचावर जाते. दाराशी बसवलेले बटण दाबले, की १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी मोटर पायरी बाहेर काढते. पुन्हा दाबले, की ती आत घेते.

अशाच एका पायरीने आम्हाला दोन दिवस कोड्यात टाकले होते. मी आयुष्यभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवले, तरी त्या कोड्यात पहिली चूक माझीच झाली. तीही तुम्हाला सांगणार आहे.

२०१९ चा मे महिना होता. माझा भाचा इंग्लंडात राहतो. त्याने जुनी मोटरहोम विकत घेतली होती, आणि तो, त्याची बायको, त्यांची तेरा वर्षांची मुलगी आणि मी असे चौघे स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्याने निघालो होतो. तिथे ‘नॉर्थ कोस्ट ५००’ नावाचा सुमारे ८३० किलोमीटरचा रस्ता आहे. त्याचा काही भाग इतका अरुंद, की एका वेळी एकच गाडी जाऊ शकते. समोरून गाडी आली, तर ठिकठिकाणी केलेल्या रुंद जागेत थांबून तिला वाट द्यायची. त्याच रस्त्यावरून सायकलस्वार जातात, पाठीवर पिशव्या बांधलेले पदयात्री जातात.

आता एक बारकावा लक्षात घ्या. ब्रिटनमध्ये आपल्यासारखीच वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. पण ही गाडी बांधली होती युरोपच्या मुख्य भूमीवर. तिथे वाहने उजव्या बाजूने चालतात, म्हणून घराचे दार उजवीकडे, तिकडच्या पदपथाच्या बाजूला होते. ब्रिटनमध्ये आणल्यावर तेच दार रस्त्याच्या मध्याकडे आले! म्हणजे पायरी बाहेर राहिली, तर ती भिंतीला घासणार नाही, समोरून येणाऱ्या सायकलस्वाराच्या नडगीला लागेल.

हे टाळायला दोन उपाय योजलेले असतात. पहिला असा. इंजिन सुरू झाले, की त्याच्याबरोबर अल्टरनेटर हे वीज निर्माण करणारे यंत्र फिरू लागते. त्याच्या डी-प्लस नावाच्या टोकावर, इंजिन बंद असताना जवळजवळ शून्य असलेला विद्युत्‌दाब आता बॅटरीइतका किंवा थोडा जास्त होतो. हा दाब म्हणजे “इंजिन चालू झाले” अशी वर्दीच. ती पायरीच्या नियंत्रक पेटीला मिळाली, की कोणी बटण दाबो वा न दाबो, पायरी आत जाते. (नव्या गाड्यांत ही वर्दी बरेचदा इलेक्ट्रॉनिक मंडलातून मिळते; तत्त्व तेच.) दुसरा उपाय म्हणजे भोंगा. किल्ली फिरवल्यावरही पायरी पूर्ण मिटलेली नसेल, तर चालकाच्या समोर भोंगा वाजत राहतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो, आणि भोंगा वाजू लागला. भाच्याने खाली उतरून पाहिले. पायरी मिटलेली होती. पुन्हा बाहेर काढली, पुन्हा मिटवली, तरी कर्कश ‘टीं टीं’ चालूच. शेजारच्या मोटरहोममधले एक गृहस्थ कॉफीचा पेला घेऊन बाहेर आले आणि म्हणाले, “या भोंग्यांचे असेच असते. तार तोडून टाका, प्रवास सुखाचा होईल.”

भाच्यालाही ते पटले. “मामा, पायरी तर डोळ्यांना मिटलेली दिसतेय. भोंगाच बिघडलाय,” असे म्हणून त्याने पेटीतून पक्कड काढली.

मी त्याला थांबवले, आणि तुम्हालाही इथे क्षणभर थांबवतो. भोंग्याला पायरी दिसते का? नाही. भोंग्याला डोळे नाहीत. पायरीच्या सांगाड्यावर काडेपेटीहून लहान असा एक स्विच असतो, त्याला लहानशी पट्टी असते. पायरी शेवटपर्यंत आत आली, की तिची एक कड त्या पट्टीला दाबते आणि स्विचमधला संपर्क जुळतो. भोंगा एवढेच सांगतो, की तो संपर्क जुळलेला नाही. त्याची कारणे तीन असू शकतात. स्विच बिघडला असेल. स्विचपासून आलेली तार तुटली असेल. किंवा, आणि हे कोणाच्या मनातही आले नव्हते, भोंगा खरे बोलत असेल.

तुमच्यापैकी चौकस मुले विचारतील, की तार तुटली तर भोंगा बंद पडायला हवा, वाजेल कसा? प्रश्न अगदी योग्य आहे. पायरी बाहेर असताना संपर्क जुळतो आणि भोंग्याला वीज मिळते, अशी रचना करता येते. ती सोपी आणि स्वस्त. पण तिची तार गंजून तुटली, तर भोंगा कायमचा मुका होतो, आणि गाडीवाला समजतो सारे ठीक आहे. म्हणून शहाणा रचनाकार उलटे करतो. पायरी पूर्ण आत आली की संपर्क जुळावा, आणि “मी पोहोचले” असा निरोप पेटीला जावा. निरोप आला नाही, तर भोंगा वाजावा. आता तार तुटली तरी निरोप येत नाही, आणि भोंगा वाजतो. बिघाड झाला, तर तो सावधगिरीच्या बाजूला व्हावा, अशी ही योजना.

रेल्वेने ही युक्ती फार पूर्वी आत्मसात केली. अमेरिकेतल्या विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ मध्ये रुळांतून वाहणाऱ्या विद्युत्‌प्रवाहावर चालणाऱ्या सिग्नलचे पेटंट घेतले. दोन रुळांतून थोडासा प्रवाह सतत सोडलेला असतो, आणि तो एका रिलेला धरून ठेवतो. गाडी आली, की तिची चाके व आस दोन्ही रूळ जोडतात, प्रवाह मधूनच परत फिरतो, रिले सुटतो आणि मागचा सिग्नल लाल होतो. रूळ तडकला, तार तुटली, बॅटरी संपली, तरी रिले सुटतो आणि सिग्नल लालच होतो. आपल्या आगगाड्यांच्या मार्गांवरही या तत्त्वावरची मंडले आहेत.

आमच्या पायरीची रचना याच शहाण्या प्रकारची होती, असे गाडीबरोबरच्या पुस्तिकेतल्या आकृतीवरून दिसले. तेव्हा पहिली परीक्षा सोपी होती. पण त्याआधी एक ताकीद: अशा पायरीला हात लावण्यापूर्वी तिच्या मोटरचा फ्यूज काढलाच पाहिजे. आत कोणी चुकून बटण दाबले, तर लोखंडी दांड्यांत बोटे सापडतात. आम्ही फ्यूज काढला, किल्ली फिरवली, भोंगा वाजू लागला. भाच्याने खाली वाकून पेन्सिलीच्या टोकाने स्विचची पट्टी दाबली. भोंगा गप्प! सोडली, वाजला. दाबली, गप्प.

म्हणजे स्विच ठीक, तार ठीक, भोंगाही ठीक. राहिले एकच कारण.

तरीही भाच्याला ते पटेना. पायरी बंद दिसत होती ना! कोडे सुटले ते त्याच्या मुलीमुळे. ती मोबाइलवर काहीतरी शोधत होती. “आजोबा, हे बघा. बाबांनी गाडी घेतली त्या दिवशीचा फोटो.” फोटोत पायरीची कड गाडीच्या बाजूच्या पत्र्याच्या आत होती. आता ती किंचित बाहेर होती. मोजपट्टी लावली. अडीच सेंटिमीटर! डोळा “मिटलेली” म्हणत होता, कारण त्याला उघडी आणि मिटलेली अशा दोनच स्थिती माहीत होत्या. स्विचला मात्र शेवटचा सेंटिमीटरही कळत होता.

आता प्रश्न बदलला. भोंगा का वाजतो, हा प्रश्न नव्हताच. पायरी शेवटपर्यंत का जात नाही, हा होता. पुस्तिकेत लिहिले होते, की पायरी ठराविक वेळात पोहोचली नाही, तर नियंत्रक पेटी मोटर बंद करते. ते योग्यच आहे, नाहीतर मध्ये काही अडकल्यावर मोटर जळून जाईल. फ्यूज परत बसवून मुलीने घड्याळ लावले. पायरी रडतखडत सरकली, आणि सहा सेकंदांनी जिथे होती तिथेच थांबली. ती हळू चालत होती, म्हणून वेळ संपत होता.

मोटर हळू का चालते? वीज कमी मिळत असेल. इथे माझी चूक झाली. मी मोटरच्या तारांचा जोड सुटा केला, मल्टिमीटरची दोन टोके त्यात लावली आणि बटण दाबायला सांगितले. काटा नव्हे, आकडे आले: १२.६ व्होल्ट. बॅटरीवरही १२.६. “वीज पुरेपूर येते आहे, मोटरच गेली,” असा निर्णय मी ठणकावून दिला. नवी मोटर मागवायची, तर प्रवास तिथेच संपला असता.

शेजारचे कॉफीवाले गृहस्थ पुन्हा आले. ते निघाले विजेचे काम करणारे कारागीर. तार तोडण्याचा त्यांचा सल्ला वाईट होता, पण या वेळी त्यांनी लाखाचे बोल सांगितले: मोटर जोडून, ती चालू असताना मोजा.

जोडून मोजले. मोटरपाशी ९.१ व्होल्ट! आणि त्याच क्षणी बॅटरीच्या टोकांवर १२.३. मधले ३.२ व्होल्ट गेले कुठे?

ही गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण घरातल्या दिव्यापासून शेतातल्या पंपापर्यंत ती सगळीकडे भेटते. समजा, वाटेत एक गंजलेला जोड आहे आणि त्याचा रोध ०.२ ओहम आहे. मल्टिमीटरचा स्वतःचा रोध मात्र साधारण १ कोटी ओहम असतो. मोटर सुटी करून मीटर लावला, तर मंडलातून वाहणारा प्रवाह एका अँपिअरच्या दहा लाखाव्या भागाच्या आसपास. एवढ्याशा प्रवाहाला तो जोड जाणवतच नाही, त्याच्यावर खर्च होणारा दाब व्होल्टच्या कोट्यंशांत मोजावा लागेल. म्हणून मीटर १२.६ च दाखवतो. तो खोटे बोलत नाही. पण आपण मोटरला किती दाब मिळेल असे विचारत असतो, आणि तो मला किती मिळतो एवढेच सांगतो. मोटर जोडली, की १४-१५ अँपिअर धावू लागतात आणि त्याच जोडावर जवळजवळ ३ व्होल्ट गळतात. अरुंद पुलावरून एक सायकल सहज जाते. बाजाराच्या दिवशी तिथेच खोळंबा होतो.

हे तुम्हाला शाळेत करून पाहता येईल. दीड व्होल्टचे दोन सेल एकापुढे एक जोडा. विजेरीचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब घ्या (एलईडी चालणार नाही) आणि तो होल्डरमध्ये बसवा. पेन्सिलीला दोन्ही बाजूंनी टोक करा. सेल, पेन्सिलीचे शिसे आणि होल्डर असे एका ओळीत जोडून मंडल पुरे करा. हे शिसे म्हणजे आपला गंजलेला जोड. आता बल्ब काढून होल्डरच्या टोकांवर व्होल्टमीटर लावा. जवळजवळ ३ व्होल्ट दिसतील. बल्ब बसवा, तो मंद पेटेल किंवा पेटणारही नाही, आणि वाचन धाडकन खाली येईल. मग व्होल्टमीटर पेन्सिलीच्या दोन टोकांवर लावा. हरवलेले व्होल्ट तिथे सापडतील. बल्बवरचा आणि पेन्सिलीवरचा दाब मिळवून पाहा. त्याच वेळी सेलच्या टोकांवर जेवढा दाब आहे, तेवढीच बेरीज येईल. दाबाच्या या जमाखर्चाचा नियम गुस्टाफ किर्चहॉफ यांनी १८४५ मध्ये मांडला, तेव्हा ते स्वतः विद्यार्थीच होते.

आम्हीही किनाऱ्यावर बसून तोच जमाखर्च केला. मोटारगाडीत बॅटरीपासून यंत्राकडे जाणारी तार एक, आणि परतीची वाट म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा. बॅटरीचे ऋण टोक आणि मोटरचे ऋण टोक दोन्ही सांगाड्याला बोल्टने आवळलेली असतात. मेकॅनिक त्याला ‘अर्थ’ म्हणतात. बहुतेक लोक धन बाजूची तार तपासतात आणि परतीची वाट विसरतात. मोटर चालू ठेवून आम्ही बॅटरीच्या धन टोकापासून मोटरच्या धन टोकापर्यंत मीटर लावला: ०.३ व्होल्ट. ठीक. मग ऋण टोकापासून ऋण टोकापर्यंत: २.९ व्होल्ट! बेरीज ३.२. हिशेब बरोबर जुळला.

त्या गृहस्थांकडे तारेभोवती नुसता चिमटा लावून प्रवाह मोजणारा मीटर होता. त्यावर १४.५ अँपिअर दिसले. ओहमच्या नियमाने २.९ ला १४.५ ने भागा: रोध ०.२ ओहम. आणि दोन्ही संख्यांचा गुणाकार करा: ४२ वॉट. डाग देण्याच्या चांगल्या कावियाइतकी उष्णता, आणि तीही एका बोल्टपाशी! तीन-चार वेळा पायरी चालवून झाल्यावर भाच्याने सांगाड्याखाली हात घालून बोल्ट चाचपले, तेव्हा त्यांतला एक चक्क कोमट लागला.

तो सोडवला. अर्थच्या तारेच्या टोकाखाली तपकिरी गंजाचा पापुद्रा होता. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ साचू नये म्हणून खनिज मीठ पसरतात. मिठाचे पाणी गोठायला शून्याहून कमी तापमान लागते. पण तेच खारे पाणी चाकांनी उडून गाडीच्या पोटाला लागते, आणि लोखंड भराभर गंजते. कोकणातल्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. समुद्राकाठच्या घरांच्या खिडक्यांचे गज काय होतात, ते त्यांनी पाहिलेच आहे. पॉलिश कागदाने धातू चकचकीत दिसेपर्यंत घासला, बोल्ट घट्ट आवळला आणि वरून ग्रीसचा हात दिला.

आता मोटरपाशी ११.८ व्होल्ट आले. पायरी सरसर सरकली... आणि शेवटी अर्धा सेंटिमीटर आधी थांबली. भोंगा वाजला!

मला क्षणभर वाटले, आपला सगळा तर्कच चुकला. पण एका दुखण्याला कारण एकच असते, असे कोणी सांगितले? पायरीचे दांडे ज्या खिळींवर फिरतात, तिथे वाळू आणि जुने ग्रीस यांचे काळे मेण झाले होते. मागच्या मालकाने भरपूर ग्रीस थापले असणार. चाकांच्या फवाऱ्यातली धूळ ग्रीसला चिकटते आणि वंगणाचे घर्षणकागद होतात. म्हणून अशा उघड्या सांध्यांना वाळल्यावर कोरडे राहणारे वंगण बरे. फ्यूज पुन्हा काढला, साबणाच्या पाण्याने आणि दात घासायच्या जुन्या ब्रशाने सांधे धुतले, सुकवले, भाच्याकडे फवाऱ्याचे कोरडे वंगण होते ते मारले.

फ्यूज बसवला. मुलीने घड्याळ लावले. पायरी तीन सेकंदांत आत गेली, ‘टक’ असा बारीक आवाज झाला, आणि कड पत्र्याच्या आत दिसेनाशी झाली. भाच्याने किल्ली फिरवली. भोंगा वाजला नाही. मग मीच त्याला म्हटले, “आता पायरी बाहेर काढून किल्ली फिरव.” वाजला. न वाजणारा भोंगा ठीक आहे की मेला आहे, हे दोन्ही बाजूंनी पाहिल्याशिवाय कळत नाही.

गृहस्थांनी कॉफीचा रिकामा पेला उचलला आणि ते आपल्या गाडीकडे गेले. जाताना त्यांनी स्वतःच्या पायरीकडे वाकून पाहिल्याचे मुलीने मला हळूच दाखवले.

घरी परतल्यावर भाच्याने ती अर्थची तार बदलून नवी जाड तार बसवली आणि मोटर चालू असताना पुन्हा मोजले. ऋण बाजूचा दाब २.९ व्होल्टवरून ०.१ वर आला होता. तो आकडा त्याने तारखेसह फ्यूजपेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेनाने लिहून ठेवला आहे, पुढच्या वसंतात पुन्हा मोजायला.